वोलोसच्या डोंगरावरचा मलिदा

मी कोणाला घाबरत नाही हे लंडनमधल्या आमच्या हॅरोत सगळ्यांना ठाऊक आहे. कचरा न्यायला येणारे बिनवाले माझ्या दारासमोरचा डबा सरळ ठेवून जातात. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात मी रांगेकडे नुसतं पाहिलं तरी मध्ये घुसलेला माणूस आपणहून मागे जाऊन उभा राहतो. तर अशा मला, अडुसष्टाव्या वर्षी, सोलोमन नवगावकर नावाच्या गृहस्थांनी माझ्याच स्वयंपाकघरात विचारलं, "मधुमती, आपण लग्न करायचं का?" आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"चहात साखर घालू?" मी म्हटलं.

"घातलीत की तुम्ही. दोनदा."

मग मी म्हटलं, "बघू."

आमची ओळख गुडघ्यांमुळे झाली. माझा डावा बदलला, त्यांचा उजवा. हॉस्पिटलच्या फिजिओ क्लासात आम्ही शेजारच्या खुर्च्यांवर बसून पाय वर-खाली करायचो. तिथली पोरगी "अँड रिलॅक्स" म्हणाली की शेजारून शुद्ध मराठीत पुटपुटणं ऐकू यायचं, "आता रिलॅक्स केलं तर परत उठवणार कोण?" मी वळून पाहिलं. सोलोमन बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले आपले मराठी ज्यू. मूळ गाव अलिबागजवळचं नवगाव, वाढले भायखळ्याला, सगळी नोकरी जहाजांच्या इंजिन रूममध्ये झाली आणि आता एजवेअरला मुलीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांची बायको सारा काही वर्षांपूर्वी गेली. माझे यजमान त्याच्याही आधी. क्लास संपला तरी आमचा गुरुवारचा चहा चालू राहिला, आणि गुरुवार जवळ आला की मी मंगळवारपासूनच केसांना काय करावं याचा विचार करायला लागले. ते मला आवडत होते. यात आता लाजण्यासारखं काही नाही.

मग 'बघू' कशाला? तर माझा मुलगा साकेत ब्रिस्टलला असतो, तो काय म्हणेल. मंडळातल्या बायका काय म्हणतील. ज्या बायका 'लोक काय म्हणतील' म्हणून रडत माझ्याकडे यायच्या त्यांना मी आयुष्यभर झापलं, "लोकांना काय, लोक हवेबद्दलही बोलतात." आणि स्वतःवर वेळ आल्यावर माझी पार भंबेरी उडाली. मला भीती वाटत होती. साकेतच्या तोंडावरचा तो एक क्षण मला पाहायचा नव्हता, मी सांगितल्यानंतरचा.

"'बघू' म्हणजे नक्की कधी?" पुढच्या गुरुवारी सोलोमननी विचारलं. त्यांचा स्वभाव इंजिनियरचा. कुठलंही काम तारखेशिवाय त्यांना सोडवत नाही.

"घाई काय आहे?"

"मधुमती, आपल्या दोघांत मिळून चांगले गुडघे दोन. घाई आहे."

मग त्यांनीच तोडगा काढला. तरुणपणी त्यांचं जहाज ग्रीसमधल्या वोलोस नावाच्या बंदरात इंजिनाच्या एका पार्टसाठी अडकून पडलं होतं. पार्ट येईपर्यंत काही काम नाही, समोर समुद्र, मागे डोंगर, खायला मासे. त्यानंतर जग फिरले, पण कुठं बरं वाटलं की मनात म्हणायचे, जवळजवळ वोलोससारखं आहे. "तिथं जाऊ. तिथं उत्तर द्या. आणि नाही म्हणालात तरी मासे कुठं जात नाहीत."

मी साकेतला सांगितलं की मंडळाची ट्रिप आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी मुलाशी खोटं बोलले, आणि इतकं सफाईनं बोलले की मलाच धक्का बसला.

एअरपोर्टवर सोडायला सोलोमनची मुलगी शेरॉन आली होती. ती जन्मानं इकडचीच, मराठी बोलते पण ठेचकाळत. तिनं माझ्या हातात एक जड पिशवी दिली.

"आँटी, हा पोहे आहे. डॅडची. आणि गूळ पण आहे, तो चेक-इन बॅगमध्ये घाला, नाहीतर सिक्युरिटीला वाटेल काय आहे ते."

"अगं, पोहे कशाला? तिथं खायला मिळतं."

शेरॉननं बापाकडे पाहिलं. "डॅड, तू आँटीला सांगितला नाही?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी काय बोलणार नाही. आय नो नथिंग. पण आँटी, प्लीज, जे काय असेल ते त्याला क्लिअर सांगा. ही इज नॉट स्लीपिंग." मला तिथंच कुठंतरी लपावंसं वाटलं.

पोह्यांचं रहस्य सोलोमननी विमानात उलगडलं. आपल्याकडे मलिदा म्हटलं की लोकांना कंत्राटदार आठवतात. बेने इस्राएलींचा मलिदा वेगळा. पोह्यांत गूळ, ओला नारळ, वेलची, सुका मेवा कालवायचा, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे त्यांच्या एलिया प्रेषिताचं नाव घेऊन सगळ्यांनी खायचा. हा प्रेषित अग्नीच्या रथातून सदेह स्वर्गात गेला, आणि जाताना कोकणावरून गेला अशी त्यांच्याकडे श्रद्धा आहे. घर घेतलं, दुखण्यातून उठलं, सोयरीक जमली, की मलिदा.

"पण सोयरीक जमलेली नाहीय," मी म्हटलं.

"म्हणून तर. आमच्याकडे त्याला ठेवल्याशिवाय अशी बोलणी होत नाहीत. आधी मलिदा, मग तुमचं उत्तर. मी तसं बोललोय त्याच्याशी."

"म्हणजे तुमचं माझ्या आधी त्याच्याशी ठरलं."

"त्याला 'बघू' म्हणायची सवय नाही," सोलोमन म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मला हसू आलं.

वोलोसला पोचलो आणि पहिल्या तासातच मला काहीतरी झालं. ऊन असं होतं की हॅरोत तसं पडलं असतं तर बातम्यांत सांगितलं असतं. बंदराच्या कडेनं लांबच लांब फरसबंदी, तिच्यावर सगळं गाव चालत होतं, म्हातारे हातात हात धरून, पोरं आइस्क्रीम गळवत. एकीकडे मोठाल्या बोटी, समोर निळी खाडी, आणि गावाच्या पाठीशी पेलिओन नावाचा हिरवागार डोंगर, त्याच्या अंगावर पांढरी गावं. हॉटेलात आमच्या खोल्या वेगवेगळ्या होत्या, मी ते दोनदा तपासलं होतं. माझी किल्ली घेताना काउंटरवरचा माणूस मला "मॅडम" म्हणाला आणि मी उगाचच मोठ्यांदा हसले. मला माझाच भरवसा वाटेना.

दुपारी सोलोमन मला बंदरावरच्या एका खाणावळीत घेऊन गेले. तिथली रीत अशी की खायचं काही मागवायचंच नाही. सिपुरो नावाची द्राक्षांची कडक दारू छोट्या बाटलीतून येते आणि तिच्याबरोबर एक छोटी ताटली आपोआप येते. बाटली संपली, दुसरी मागवली, की ताटली आणखी चांगली. पहिल्या वेळी कोळंबी आली. दुसऱ्या वेळी भाजलेला ऑक्टोपस. मी पुण्याच्या घरातली, मासे खायला लंडनला आल्यावर शिकले, दारूचा तर वासही नको. पण तिसरी ताटली काय असेल या उत्सुकतेनं मी चक्क दोन घोट घेतले. आतून कानापर्यंत ऊब पसरली.

"काय येईल आता?" मी विचारलं.

"ते त्यांनाच ठाऊक. इथं पाहुण्यानं विचारायचं नसतं."

"फारच मुजोर लोक आहेत. मला आवडले."

तिसरी ताटली आली तेवढ्यात साकेतचा व्हिडिओ कॉल आला. मी बाटली नॅपकिनखाली दडपली आणि सोलोमनना डोळ्यांनी खूण केली. हा जहाजी माणूस, वादळं पाहिलेला, टेबलाखाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"आई, कसं आहे? बाकीचे कुठायत?"

शेजारच्या टेबलावर काळ्या कपड्यांतल्या पाच-सहा ग्रीक बायका जोरजोरात बोलत मासे खात होत्या. मी फोन त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी अगदी प्रेमानं हात हलवले.

"आई, या मराठी वाटत नाहीत."

"कोकणस्थ आहेत," मी म्हटलं. "डोळे बघ ना."

साकेतनं काही क्षण त्या बायकांकडे पाहिलं. "ओके," तो म्हणाला. "एन्जॉय." फोन बंद झाला आणि टेबलाखालून गुदमरल्यासारखा आवाज यायला लागला. सोलोमन हसत होते. नवीन गुडघ्यामुळे त्यांना वर येता येईना आणि हसण्यामुळे मला त्यांना ओढता येईना. शेवटी त्या काळ्या कपड्यांतल्या बायकांपैकी दोघींनी येऊन त्यांना वर काढलं.

पण हसून झाल्यावर त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "मधुमती, मी टेबलाखाली राहायला तयार आहे. आठवडाभर, वर्षभर. पण कायम नाही." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.  मलिदा रविवारी ठरला होता, म्हणजे उत्तर द्यायला अजून दोन दिवस होते.

विषय बदलायचा म्हणून मी वाढप्याला विचारलं की डोंगरावर तो पांढरा ठिपका कसला. तो म्हणाला, "प्रोफितिस इलियास." आम्हाला कळलं नाही हे पाहून त्यानं हातानं घोड्यांचे लगाम धरले, तोंडानं आग फुंकली आणि बोट आकाशाकडे नेलं. मग म्हणाला, ग्रीसमध्ये बहुतेक डोंगरांच्या माथ्यावर त्याचंच देऊळ असतं, कारण तो वरूनच गेला ना.

सोलोमन उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"एलियाहू हनाबी," ते म्हणाले. "मी इथं खाली बंदरात पार्टची वाट बघत बसलो होतो, आणि हे तेव्हा वर होते."

"अहो, ते चर्च आहे."

"देऊळ त्यांचं असेल. माणूस आमचा आहे."

त्या क्षणी ते जेमतेम तिशीचे दिसत होते. मलिदा कुठं ठेवायचा हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला होता.

राहिला नारळ. गूळ आला, पोहे आले, वेलची माझ्या पर्समध्ये असतेच, पण ओला नारळ काही शेरॉनच्या पिशवीत नव्हता. आम्ही वोलोसचा बाजार पालथा घातला. जर्दाळू, चेरी, डोंगरावरचे सुके अंजीर, सगळं मिळालं. नारळ म्हटलं की लोक आम्हाला खोबऱ्याचा साबण दाखवायचे. शेवटी एका फळवाल्याकडे शोभेला ठेवलेला एक नारळ होता. तो विकायचा आहे हे त्यालाही आमच्याकडून कळलं.

आता फोडायचा कुठं? हॉटेलच्या संगमरवरी पायरीवर मी एकदा आपटून पाहिला तर काउंटरवरचा माणूस धावत आला. सोलोमन म्हणाले, चला. धक्क्यावर जहाजांचे दोर बांधायचे जाडजूड लोखंडी खुंट असतात. त्यांनी मला त्यातल्या एकापाशी उभं केलं. भोवती संध्याकाळी फिरायला निघालेलं अर्धं गाव. मी साडीचा नव्हे, कार्डिगनचा पदर खोचला आणि एका फटक्यात नारळाचे दोन तुकडे केले. टाळ्या पडल्या. कोस्टगार्डचा एक तरुण पोरगा नारळाकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे बघून एक पाऊल मागे सरकला. एक वाटी मलिद्याला ठेवून दुसरीचे तुकडे मी सगळ्यांना वाटले. आजवर कुठल्या गर्दीनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या आणि मला ते फार आवडलं.

रविवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत, माझ्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून आम्ही मलिदा कालवला. किसणी नव्हती म्हणून नारळ चमच्यानं खरवडला. सोलोमननी हात धुऊन, टोपी घालून, पोहे हलक्या हातानं ओलवले, आणि कालवताना ते हिब्रूत काहीतरी गुणगुणत होते. मी वेलची कुटली. चाळीस वर्षं मी स्वयंपाकघरात कोणाची लुडबुड खपवून घेतली नाही, आणि त्या सकाळी आमचे चार हात एका ताटात होते.

टॅक्सीनं डोंगरावरच्या गावापर्यंत नेलं. पुढं दगडी पायवाट. ताट माझ्या हातात, त्यावर हॉटेलचा टॉवेल, फळांची पिशवी सोलोमनकडे. दर वळणावर आम्ही थांबत होतो. "अँड रिलॅक्स," एक जण म्हणायचा आणि दुसरा हसून दम गमावायचा. खाली खाडी इतकी निळी दिसत होती की मला भोवळल्यासारखं झालं. वर पोचलो तर काय, तिथं माणसंच माणसं. देऊळ जेमतेम माझ्या बागेतल्या शेडएवढं, त्यामुळे सगळे अंगणात, मोठ्या झाडाखाली, आणि मध्ये टेबल. टेबलावर एका ताटात पांढरंशुभ्र काहीतरी रचलं होतं. उकडलेले गहू, वर पिठीसाखर, त्यावर बदाम, डाळिंबाचे दाणे, बेदाणे.

सोलोमननी माझा दंड धरला. "मधुमती. मलिदा."

"गव्हाचा दिसतोय."

"इथं भात पिकत नसेल. पोहे कुठून आणणार बिचारे?"

मला काय माहीत? दिसत तर तसंच होतं. सोलोमन रुबाबात पुढं गेले आणि आमचं ताट त्या ताटाशेजारी ठेवलं. मी टॉवेल काढला. काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी म्हातारी आली, तिनं आमच्या पोह्यांकडे पाहिलं, खोबऱ्याकडे पाहिलं, आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं. मला वाटलं, किती आपुलकीचे लोक. परक्यांच्या सोयरिकीत रडतात. मलाही रडू आलं. आम्ही दोघी गळ्यात पडलो.

एक इंग्रजी बोलणारी तरुण मुलगी आली, सोफिया, त्या म्हातारीची नात. तिनं हळू आवाजात विचारलं, "नेम्स, प्लीज? फादर नावं घेऊन प्रार्थना करतील."

"सोलोमन," सोलोमन छाती काढून म्हणाले. मग माझ्याकडे बघून, जरा अदबीनं, "अँड मधुमती."

माझे कान तापले. अजून मी हो म्हटलेलं नव्हतं, पण देवाच्या दारात नाव घ्यायला कोण अडवणार? सोफियानं पांढऱ्या दाढीच्या पाद्रीबाबांच्या कानात नावं सांगितली. त्यांना दुसरं नाव जमेना, त्यांनी तिला तीनदा विचारलं. मग धूप फिरला, प्रार्थना सुरू झाली, आणि मध्येच खणखणीत आवाजात आलं, "सोलोमोन... मादूमातिस..." सगळे लोक एका संथ, खोल सुरात गायला लागले. सूर असा की अंगावर काटा आला. सोलोमन डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी मनात म्हटलं, मधुमती, इतकं सुंदर तुझ्या पहिल्या लग्नातही काही झालं नव्हतं.

संपल्यावर मी सोफियाला विचारलं, या गाण्याचा अर्थ काय.

"त्यांची आठवण चिरंतन राहो," ती म्हणाली. "माझे आजोबा गेले, आज त्यांचा चाळिसावा दिवस. तुमचं कोण होतं? सोलोमन तुमचे मिस्टर का? आणि मधुमती? बहीण?"

मी तिच्याकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. सोलोमनकडे पाहिलं, ते अजून प्रसन्नपणे आकाशाकडे बघत होते.

"सोफिया," मी म्हटलं, "ते सोलोमन. मी मधुमती."

त्या पोरीचं तोंड उघडं राहिलं ते मिटेचना. मी सोलोमनना मराठीत समजावलं. "अहो, हा मलिदा नाही. हे श्राद्ध आहे. आपलं झालं आत्ता." त्यांचा रंग उडाला. त्यांनी आधी स्वतःची नाडी धरली. ते पाहून मला हसू फुटलं, असं फुटलं की मी झाडाचा आधार घेतला, मग बाकावर बसले, तरी थांबेना. सोफिया रडकुंडीला येऊन माफी मागत होती. म्हातारीनं विचारलं काय झालं. नातीनं सांगितलं. म्हातारी थबकली, माझ्याकडे बघितलं, आणि मग तिनं काळ्या ओढणीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलायला लागले. सोफिया घाबरली, पण म्हातारी हसत होती. नंतर पोरगी मला म्हणाली की आजोबा गेल्यापासून आजी पहिल्यांदा हसली. अंगणभर ती गोष्ट पसरली आणि सगळं श्राद्ध हसायला लागलं, पाद्रीबाबाही, दाढीआडून.

मग बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सोफियामार्फत म्हणाले, ताट तर ठेवलं आहे. आता खरी नावं द्या, गेलेल्यांची.

"सारा," सोलोमन लगेच म्हणाले.

माझी पाळी आली. संसार केला त्या सगळ्या वर्षांत मी यजमानांना 'अहो' म्हटलं. ते गेल्यावर 'साकेतचे बाबा'. उखाण्यांबाहेर ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"श्रीधर," मी म्हटलं. बाबांनी ते पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलं. परत तोच सूर लागला, आणि या वेळी मी रडले ते खरोखरीचं.

नंतर सगळ्यांनी सगळं खाल्लं. त्यांचे गहू आम्ही, आमचे पोहे त्यांनी. म्हातारीनं मलिद्याची कृती विचारली. सोलोमन मात्र एका दगडावर मान खाली घालून बसले होते. मी शेजारी बसले.

"अपशकुन झाला," ते म्हणाले. "मी मलिदा ठेवला आणि तुमचं श्राद्ध घातलं. आता मला उत्तर नको. मी शब्द परत घेतो."

मी खालच्या खाडीकडे बघत होते. हसून, रडून माझं डोकं अगदी धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं. मी विचार केला, समजा खरंच गेले असते आज सकाळी. काय राहून गेलं असतं? साकेत मोठा झालाय, त्याची बायको ऋजुता त्याला सांभाळते, तो रडला असता आणि सावरला असता. मंडळातल्या बायकांनी दोन मिनिटं उभं राहून मग जेवणाची चौकशी केली असती. राहून गेली असती एकच गोष्ट, आणि ती या दगडावर टोपी हातात घेऊन बसली होती.

"सोलोमन," मी म्हटलं, "शब्द परत घेऊ नका. माझं हो आहे."

"तुम्हाला माझी दया येतेय."

"मला दया येत नाही, हॅरोत कोणालाही विचारा. मला तुम्ही हवे आहात."

त्यांनी माझा हात धरला.  आणि तो सुटायच्या आत, धीर सुटायच्या आत, मी दुसऱ्या हातानं साकेतला फोन लावला.

"साकेत, ऐक, मध्ये बोलू नकोस. मंडळाची ट्रिप नाहीय. मी एका गृहस्थांबरोबर आले आहे. मी त्यांच्याशी लग्न करणार आहे."

पलीकडे काहीच नाही. तोच क्षण, ज्याला मी इतके महिने भीत होते. मी तो ऐकत राहिले.

"मला आधी का नाही सांगितलंस?" तो शेवटी म्हणाला.

"तुला घाबरले."

"मला?" त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "आई, तुझ्यासारखी बाई मला घाबरली? मी गेलं वर्षभर ऋजुताला म्हणतोय की तू एकटी आहेस, कोणीतरी भेटायला हवं. पण तुला हे सांगायची हिंमत कोणाची होती?"

मी कार्डिगनच्या बाहीनं डोळे पुसले. झाडाखाली ग्रीक बायका आमचा मलिदा बोटांनी पुसून खात होत्या.

"आई? आहेस ना? रडतेयस का? बरं, ते कुठायत? दे त्यांना फोन."

मी फोन पुढं केला. सोलोमन उठले. शर्ट नीट केला, टोपी घातली, घसा साफ केला आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

"गुड मॉर्निंग, साकेत," ते म्हणाले. "माझं नाव सोलोमन नवगावकर. मी जिवंत आहे."